एकच ग्रंथ, दोन शेवट: तनाख आणि जुना करार खरोखर एक आहेत का?

पानउलट्या (धागाकर्ता)

ख्रिस्ती धर्म आणि यहुदी धर्म यांत फरक काय, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते: यहुदी फक्त जुना करार मानतात आणि ख्रिस्ती लोक त्याच्या जोडीला नवाही मानतात. म्हणजे एकाकडे पहिला खंड आणि दुसऱ्याकडे पूर्ण संच, असा हा सरळ हिशेब. माझे म्हणणे असे की हा हिशेब टिकत नाही. यहुद्यांचा तनाख आणि ख्रिस्त्यांचा जुना करार यांतला मजकूर बहुतांशी सारखाच असला, तरी ती दोन वेगळी पुस्तके आहेत, आणि त्यांचे वेगळेपण शेवटच्या पानावर उघड होते.

तनाखात २४ पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंट जुन्या करारात ३९. आकडे पाहून दचकण्याचे कारण नाही. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे दोन-दोन भाग ख्रिस्त्यांनी वेगळे मोजले, एज्रा आणि नहेम्या यांची फारकत केली, आणि यहुदी ज्या बारा छोट्या नबींना एकाच गुंडाळीत नांदवतात त्या प्रत्येकाला स्वतंत्र बिऱ्हाड थाटून दिले, एवढ्यानेच संख्या वाढली. खरी उलथापालथ आहे ती क्रमात. तोरा (मोशेची पाच पुस्तके), नबी म्हणजे संदेष्टे, आणि लेख अशा तीन भागांचा तनाख 'इतिहास' या पुस्तकाने संपतो. त्याच्या अखेरीस पारसिक राजा कोरेश फर्मान काढतो की यरुशलेमात मंदिर बांधण्याचे काम परमेश्वराने माझ्याकडे सोपवले आहे, तेव्हा त्याच्या लोकांपैकी जो कोणी असेल त्याने वर जावे. आणि ग्रंथ तिथेच थांबतो. ख्रिस्ती जुना करार मात्र मलाखीने संपतो, आणि मलाखीच्या शेवटच्या ओळींत देव सांगतो की तो भयंकर दिवस येण्यापूर्वी मी एलीया संदेष्ट्याला तुमच्याकडे पाठवीन. त्यानंतर नव्या करारातले मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते, आणि दोन पाने उलटतात न उलटतात तोच उंटाच्या केसांचे वस्त्र आणि कमरेला कातड्याचा पट्टा अशा थेट एलीयाच्या वेषात बाप्तिस्मा करणारा योहान समोर येऊन उभा राहतो. तीच पुस्तके, पण एका मांडणीत गोष्ट घरी परतण्याच्या परवानगीवर संपते आणि दुसऱ्या मांडणीत ती कोणाची तरी वाट पाहत अर्धवट थांबते.

क्रमाने अर्थ कसा हलतो, हे दानीएलावरूनही दिसते. ख्रिस्त्यांनी त्याला यशया, यिर्मया आणि यहेज्केल यांच्या पंक्तीला बसवून मोठ्या संदेष्ट्याचा मान दिला. तनाखात तो नबींच्या भागात नाहीच, 'लेख' या तिसऱ्या भागात एस्तेरच्या शेजारी बसला आहे. एकच गृहस्थ एका धर्मात भविष्यवेत्ता आहे आणि दुसऱ्यात परक्या दरबारी निष्ठेने राहिलेला शहाणा अधिकारी. माझा प्रश्न असा: दोन धर्मांतला फरक समजून घ्यायचा तर नव्या करारापासून सुरुवात करण्याऐवजी जुन्याच्या अनुक्रमणिकेपासून का करू नये?

शंकासुर

मांडणी देखणी आहे आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. धागाकर्त्यांनी 'तनाखाचा शेवट' असे म्हटले, पण कोणत्या तनाखाचा? संपूर्ण हिब्रू बायबलचे जे सर्वांत जुने हस्तलिखित आज उपलब्ध आहे, म्हणजे इ. स. १००८ मधले लेनिनग्राड हस्तलिखित, त्यात 'इतिहास' हे पुस्तक तिसऱ्या भागाच्या शेवटी नव्हे, आरंभी आहे. त्याहून जुन्या, दहाव्या शतकातल्या आलेप्पो हस्तलिखिताचा क्रमही असाच. त्या क्रमाप्रमाणे अखेरचे पुस्तक ठरते एज्रा-नहेम्या. नहेम्याचा शेवटचा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवत असेल की परक्या बायका करणाऱ्या लोकांना आपण शाप दिले, काहींना मार दिला आणि त्यांचे केस उपटले, असे हे सुभेदारसाहेब स्वतःच नोंदवतात, आणि लगोलग देवाला विनंती करतात की माझ्या हितासाठी माझी आठवण ठेव. शेवटच्या पानावरून धर्माचा स्वभाव ठरवायचा तर यहुदी धर्माचे सार एका अधिकाऱ्याच्या गोपनीय अहवालात शोधावे लागेल.

ख्रिस्ती बाजूलाही हीच गत आहे. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन हस्तलिखितात जुना करार दानीएलाने संपतो, आणि तोही ग्रीक दानीएलाने, ज्याच्या शेवटच्या प्रकरणात डांबर, चरबी आणि केस यांचे शिजवलेले गोळे खाऊन फुटलेल्या अजगराची कथा आहे. त्याच शतकातल्या सिनाई हस्तलिखितात शेवटचा मान ईयोबाला मिळाला आहे. मलाखीनंतर लगेच मत्तय, ही नाट्यमय जोडणी पहिल्या ख्रिस्त्यांनी ठरवून केली, असे सुचवणे म्हणजे छापखान्याचे श्रेय प्रेषितांना देणे होय.

वसईकर

शंकासुरांच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. धागाकर्त्यांनी 'ख्रिस्ती जुना करार' असे सरसकट लिहिले, पण ३९ हा आकडा प्रोटेस्टंट बांधवांचा आहे. आम्हा कॅथलिकांच्या जुन्या करारात ४६ पुस्तके आहेत, आणि नव्यातली २७ धरून एकूण ७३ होतात. १५९२ च्या अधिकृत लॅटिन बायबलात जुना करार मलाखीने संपतच नव्हता. त्याच्यापुढे मक्काबी या लढवय्या यहुदी घराण्याची दोन पुस्तके होती. त्यांतल्या दुसऱ्या पुस्तकाचा शेवट या धाग्यासाठीच लिहून ठेवल्यासारखा आहे. युद्धे, हत्ती आणि कापलेली मुंडकी यांचे वर्णन संपवून लेखक वाचकाला सांगतो की माझी कथा चांगली उतरली असेल तर मला तेच हवे होते, आणि सामान्य उतरली असेल तर मला याहून अधिक जमले नाही. देवाच्या वचनाच्या पूर्वार्धाचा इतका नम्र समारोप दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही. आणि विसाव्या शतकापर्यंत कॅथलिक जग ते बायबल वापरत होते.

याच मक्काबींमुळे एक मौज झाली आहे. यहुद्यांचा हनुक्का हा दिव्यांचा सण ज्या घटनेवर उभा आहे, ती यरुशलेमच्या मंदिराच्या शुद्धीची हकीकत यहुद्यांच्या तनाखात नाही. ती आमच्या बायबलात आहे. एवढेच नव्हे तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः हिवाळ्यात, त्या पुनःप्रतिष्ठेच्या सणाच्या वेळी, मंदिराच्या देवडीत फिरताना दिसतो. म्हणजे यहुदी सणाचा इतिहास ख्रिस्त्यांनी जपला आणि सण यहुद्यांनी जपला.

माझ्या मते फरक शेवटाचा नाही, तर शेवट कोणी ठरवायचा याचा आहे. आमच्याकडे मतभेद झाला की परिषद भरते, ठराव होतो आणि विषय मिटतो, निदान मिटला असे जाहीर तरी होते. पवित्र पुस्तकांची यादी १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने अशीच बंद केली. मराठी वाचकाला हे जुन्या कराराकडे पाहण्याचे ख्रिस्ती वळण चार शतकांपासून परिचित आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. त्यात आदाम, अब्राहाम आणि मोशे यांची कथा 'पहिले पुराण' म्हणून ओव्यांतून येते आणि ख्रिस्ताची कथा 'दुसरे पुराण' म्हणून. पहिले आहे ते दुसऱ्यासाठी. त्या पहिल्या पुराणात शेवटचे पुस्तक कोणते, याने काहीही बिघडत नाही, कारण दुसरे पुराण सुरू होणार हे श्रोत्याला पहिल्या ओवीपासून ठाऊक आहे.

पानउलट्या

शंकासुरांचा हस्तलिखितांचा मुद्दा वजनदार आहे, पण त्याने माझा दावा मोडत नाही, फक्त त्याचे वय कमी होते. शिवाय 'इतिहास' शेवटी ठेवण्याची परंपरा छापखान्याने जन्माला घातलेली नाही. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या प्राचीन संग्रहात, पुस्तकांची जी यादी आहे तिच्यात ते शेवटचेच आहे. आणि स्वतः येशूच मत्तयाच्या २३ व्या अध्यायात नीतिमान हाबेलाच्या रक्तापासून मंदिर आणि वेदी यांच्यामध्ये मारल्या गेलेल्या जखऱ्याच्या रक्तापर्यंत, असे म्हणतो. हाबेलाचा खून पहिल्या पुस्तकात आहे आणि मंदिराच्या अंगणातला जखऱ्याचा खून 'इतिहास' या पुस्तकात. काळाच्या क्रमाने पाहिले तर त्याच्यानंतरही बायबलात खून झालेले आहेत. तेव्हा 'पहिल्या खुनापासून शेवटच्या खुनापर्यंत' हे बोलणे पुस्तकांच्या क्रमानेच लागू पडते. येशूच्या मनातला ग्रंथसुद्धा 'इतिहास' या पुस्तकानेच संपत होता, असा त्यावरून तर्क करणारे अभ्यासक आहेत आणि मला तो पटतो.

शंकासुर

त्याच वाक्यात मत्तय त्या जखऱ्याला 'बरख्याचा पुत्र' म्हणतो, तर 'इतिहास' या पुस्तकात त्याचा बाप यहोयादा आहे. बरख्याचा पुत्र जखऱ्या हा वेगळा, बारा छोट्या नबींपैकी एक. ज्या साक्षीदाराला मयताच्या बापाचे नाव नीट सांगता येत नाही, त्याच्या साक्षीवर आपण अनुक्रमणिका सिद्ध करू पाहता, हे धाडस कौतुकास्पद आहे.

लोदवासी

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला यहुदी आहे; माझे आजोळ अलिबागकडचे आणि सध्याचा मुक्काम इस्रायलमधल्या लोद शहरी. आमचा ग्रंथ कुठे संपतो यावर इतकी विद्वान चर्चा चालू असताना एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते: आमच्याकडे तो संपत नाही. सिनेगॉगमध्ये तोरा वर्षभर आठवड्याच्या हिशेबाने वाचली जाते आणि सिम्हात तोराच्या दिवशी पूर्ण होते. मोशे नबो डोंगरावरून वचनदत्त भूमी नुसती पाहतो आणि तिच्यात पाऊल न ठेवताच मरतो, तो अखेरचा भाग वाचून झाला की त्याच बैठकीत दुसरी गुंडाळी उघडून 'प्रारंभी देवाने आकाश व पृथ्वी निर्माण केली' हे वाचन सुरू होते. 'इतिहास' हे पुस्तक पहिले असो वा शेवटचे, सिनेगॉगच्या वार्षिक वाचनात त्याला जागाच नाही. अनुक्रमणिकेवरून धर्म ओळखण्याची कल्पना ज्याच्या हातात बांधलेले पुस्तक आहे त्याला सुचते. ज्याच्यासमोर गुंडाळी आहे त्याला सुचणार नाही.

मलाखीच्या शेवटाविषयीही आमची एक खोड आहे. त्याचे अगदी शेवटचे वचन असे की, नाहीतर मी येऊन भूमीला शापाने ताडण करीन. इतक्या कडू घासावर वाचन थांबवणे बरे नव्हे म्हणून आमच्याकडे त्याच्या आधीचे, एलीयाच्या येण्याचे वचन पुन्हा एकदा वाचून मग थांबतात. यशया, विलापगीत आणि उपदेशक यांच्या अखेरीसही तसेच करतात. देवाच्या वचनात फेरफार करायचा नाही, पण कुठे थांबायचे हे आपण ठरवायचे.

आणि एलीया. योहानाच्या रूपाने तो येऊन गेला, असे ख्रिस्ती म्हणतात. तो यायचा आहे, असे जगभरचे यहुदी म्हणतात. वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात आणि सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. आम्हा कोकणातल्या यहुद्यांचे या वादात स्वतंत्र मत आहे: एलियाहू हन्नबी अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला असून त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या खुणा तिथल्या खडकावर आहेत. नवस फेडताना आम्ही त्याच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करतो. तेव्हा मलाखीचे वचन पुरे झाले की नाही, याची चौकशी करणाऱ्यांनी रायगड जिल्ह्यालाही विचारून पाहावे.

गोदातीर

चर्चा रंजक आहे, पण फार आडवळणाने चालली आहे. जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि सूड घेणारा, तर नव्या करारातला प्रेमळ आणि क्षमाशील, हा फरक कोणाही वाचकाला पहिल्याच वाचनात जाणवतो. तो सोडून पुस्तकांचे क्रम कशाला मोजत बसायचे?

शंकासुर

गोदातीर यांचा मुद्दा इ. स. १४४ च्या सुमारास रोममध्ये मार्किअन नावाच्या श्रीमंत जहाजमालकाने मांडला होता. त्याने जुना करार पूर्ण वगळला, नव्यातलाही त्याला यहुदी वाटणारा भाग कापून टाकला आणि प्रेमळ देवाचे आटोपशीर बायबल तयार केले. चर्चने त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. देणगी परत करण्याइतके ज्या प्रश्नावर मत ठाम होते, तो प्रश्न पहिल्या वाचनात सुटणारा नसावा.

'आपल्यासारखीच आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर' हे वाक्य येशू उद्धृत करतो ते लेवीय या पुस्तकातून, म्हणजे यज्ञ, कुष्ठ आणि निषिद्ध प्राणी यांच्या त्या रूक्ष समजल्या जाणाऱ्या संहितेतून. उलट, जमीन विकून आलेल्या पैशांतला थोडा भाग लपवला म्हणून हनन्या आणि सप्पीरा हे पतीपत्नी जागच्या जागी मरून पडतात, ते नव्या कराराच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात. हंगाम नसताना फळे दिली नाहीत म्हणून अंजिराच्या झाडाला शाप मिळतो तोही मार्काच्या शुभवर्तमानात.

देवाच्या दयेबद्दल कोणाची तक्रार वाचायची असेल तर योनाचे पुस्तक वाचावे. बाकीचे संदेष्टे लोक ऐकत नाहीत म्हणून रडतात. योना मात्र निनवेचे लोक ऐकतात म्हणून चिडतो. तो एक वाक्याचे भाषण करतो आणि राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे शहर गोणपाट नेसून उपासाला बसते. देव त्यांना क्षमा करतो, तेव्हा योना म्हणतो की तू दयाळू आहेस हे मला घरूनच माहीत होते आणि म्हणूनच मी पळालो होतो. हे पुस्तक यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी वाचतात, कारण त्यांच्या लेखी ते पश्चात्तापाविषयी आहे. मत्तयात येशू त्याच पुस्तकातले माशाच्या पोटातले तीन दिवस आणि तीन रात्री उचलतो आणि त्यांत स्वतःच्या मृत्यूची खूण दाखवतो. धागाकर्त्यांनी हे उदाहरण घेतले असते तर बरे झाले असते, कारण इथे क्रम बदललेला नाही, मजकूर बदललेला नाही, आणि तरीही दोन धर्म दोन वेगवेगळी पुस्तके वाचत आहेत.

सीनाकाठ

मी नगरचा, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत वाढलेला प्रोटेस्टंट. थट्टा मलाही आवडते, पण तिच्या ओघात मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे असे वाटते. नासरेथचा येशू हा मसीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा, आहे की नाही, हा प्रश्न काढून टाकला तर पुस्तकांच्या क्रमावर कोणी चार ओळीसुद्धा खर्च केल्या नसत्या. आम्ही जुना करार शेवटाकडून आरंभाकडे वाचतो, हे मी मोकळेपणाने सांगतो. एदेन बागेतल्या गोष्टीत 'सैतान' हे नाव कुठेही नाही. तिथे फक्त धूर्त सर्प आहे, आणि फळ सफरचंदाचे होते असेही लिहिलेले नाही. पौल ती गोष्ट रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचतो आणि सांगतो की एका माणसाच्या द्वारे पाप जगात शिरले व एकाच माणसाच्या द्वारे कृपा आली. आजार समजला तो औषध हाती आल्यानंतर. यहुदी तोच अध्याय वाचतात आणि त्यातून वंशपरंपरेने येणाऱ्या पापाचा सिद्धान्त काढत नाहीत, कारण त्यांना त्या दुसऱ्या माणसाची जागा तयार करून ठेवायची नाही.

यशयाच्या ५३ व्या अध्यायाचेही असेच आहे. वधावयाला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिलेला तो दुःखी सेवक आमच्या लेखी ख्रिस्त आहे. यहुदी म्हणतात की तो सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्र, आणि त्यांच्या बाजूने हेही खरे की त्याच पुस्तकात आधी इस्राएलाला स्पष्टपणे 'माझा सेवक' म्हटलेले आहे. मी ख्रिस्ताच्या बाजूने उभा आहे; पण समोरचा वाचक आंधळा आहे म्हणून त्याला ख्रिस्त दिसत नाही, असे जे आमच्यातले काही उपदेशक सांगत असत, ते मला मान्य नाही.

लोदवासी

सीनाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याबद्दल आभार, कारण ही चर्चा नेहमी इतक्या सौजन्याने होत नसे. १२६३ मध्ये बार्सिलोनात अरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर रब्बी नहमानिदिस यांना ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्याशी याच प्रश्नावर वाद घालावा लागला: मसीहा आला की यायचा आहे? रब्बींनी स्वतः लिहून ठेवलेल्या वृत्तान्तानुसार त्यांनी राजाला विचारले की मसीहाच्या काळात राष्ट्रे युद्धकला शिकणार नाहीत असे यशया सांगतो, मग जगात अजून एवढा हिंसाचार कसा. आणि वर असेही म्हटले की युद्ध शिकायचेच नाही असे ठरले तर महाराजांची आणि सरदारांची किती पंचाईत होईल. राजाने त्यांना ३०० नाणी दिली. नंतर तोच वृत्तान्त प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई झाली आणि उतारवयात त्यांना देश सोडावा लागला.

वसईकरांच्या परिषदेविषयी मात्र मला वाद घालायचा आहे. परिषद भरवून विषय मिटवण्याचा मोह आमच्या रब्बींनाही होता, पण त्यांनी हरलेल्या पक्षाचे मतसुद्धा नावानिशी लिहून ठेवले. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून रब्बी एलीएजर एकीकडे आणि बाकीचे सगळे दुसरीकडे, असा प्रसंग तालमुदात आहे. एलीएजर यांच्या शब्दाखातर झाड उपटून दूर जाते, ओढा उलटा वाहतो, पाठशाळेच्या भिंती कलतात, आणि शेवटी आकाशवाणी होते की एलीएजरचेच बरोबर आहे. त्यावर रब्बी यहोशवा उभे राहून उत्तर देतात की तोरा आता स्वर्गात नाही. ती सिनाय पर्वतावर दिली गेली आहे आणि तिच्यात बहुमताने निर्णय करण्यास सांगितले आहे. पुढे असे लिहिले आहे की देव हसला आणि म्हणाला, 'माझ्या लेकरांनी मला हरवले.' सदोम शहराचा नाश टळावा म्हणून ५० नीतिमानांवरून ४५, ४०, ३०, २० आणि अखेर १० वर देवाला आणणाऱ्या अब्राहामाची ही संतती. तिच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. मला विचाराल तर फरक इथे आहे. ख्रिस्ती कथांत चमत्कार झाला की वाद संपतो. आमच्या या कथेत चार चमत्कार होतात आणि वाद हरतो तो चमत्कार करणारा.

वसईकर

गोष्ट सुंदर आहे, पण ती पूर्ण सांगायला हवी. त्याच बहुमताने पुढे रब्बी एलीएजर यांना बहिष्कृत केले, हेही तालमुदातच आहे. परिषदा आमच्या आणि वादविवाद तुमचे, अशी वाटणी इतकी स्वच्छ नाही. आमच्याकडेही एकाच येशूच्या चार चरित्रांना शेजारी शेजारी ठेवले आहे. योसेफाचा बाप मत्तयात याकोब आहे आणि लूकात एली. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या लेखकाने चारींची एकसंध कथा करून दिली होती, तरीही चर्चने चार वेगळी शुभवर्तमानेच कायम ठेवली. विसंगती मिटवायची सोय हाताशी असताना ती न मिटवणे, हाही वाद जपण्याचाच प्रकार आहे.

दहा आज्ञांचेच पाहा. आज्ञा दहा आहेत यावर सर्वांचे एकमत. त्या कोणत्या, यावर नाही. यहुदी 'मी परमेश्वर तुझा देव आहे' ही पहिली धरतात. आम्ही मूर्तीची मनाई पहिलीतच गुंडाळतो आणि लोभाचे दोन भाग करून दहा भरतो. बहुतेक प्रोटेस्टंट मूर्तीला स्वतंत्र क्रमांक देतात. परिणाम असा की 'मी सहावी आज्ञा मोडली' असे नगरच्या मनुष्याने कबूल केले तर पोलिसांना बोलवावे लागेल, आणि वसईच्या मनुष्याने कबूल केले तर त्याच्या बायकोला.

लोदवासी

आमच्या मोजणीतही सहावी आज्ञा खुनाचीच आहे, तेव्हा या एका बाबतीत मी नगरच्या बाजूने.

ख्रिस्ती मंडळींच्या ऋणाचा मात्र उल्लेख करायला हवा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी केलेल्या मराठी भाषांतरांतून आमच्या पूर्वजांच्या हाती त्यांचाच ग्रंथ त्यांच्या भाषेत आला. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठी भाषिकांसाठी हिब्रू व्याकरण लिहिले. हेतू आम्हाला ख्रिस्ती करण्याचा होता. परिणाम असा झाला की शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि त्यावरून शनवार तेली म्हणवले जाणारे आमचे लोक पूर्वीपेक्षा अधिक जाणते यहुदी झाले.

सीनाकाठ

ऋणाचा उल्लेख कृतज्ञतेने स्वीकारतो, हेतू फसला त्याबद्दल तक्रार नाही. आता धागाकर्त्यांकडे वळतो. त्यांनी मलाखीनंतर मत्तय ही जोडणी ख्रिस्ती आणि 'इतिहास' हा शेवट यहुदी, असे मानले. मी उलट म्हणतो: 'इतिहास' शेवटी ठेवले तर मत्तय त्याला अधिक घट्ट जुळतो. 'इतिहास' या पुस्तकाचा आरंभ आदामापासूनच्या वंशावळींनी होतो आणि त्या नऊ अध्याय चालतात. मत्तयाचा आरंभ अब्राहामापासूनच्या वंशावळीने होतो. 'इतिहास' संपते तेव्हा कोरेश म्हणतो की पृथ्वीवरची सर्व राज्ये मला दिलेली आहेत, आणि लोकांना निघण्याची मोकळीक देतो. मत्तय संपतो तेव्हा पुनरुत्थित येशू म्हणतो की स्वर्गात आणि पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिला आहे, आणि शिष्यांना निघण्याची आज्ञा देतो. फरक दिशेचा आहे. कोरेश यरुशलेमकडे वर जायला सांगतो, येशू सर्व राष्ट्रांकडे जायला. ज्या शेवटावरून धागाकर्ते दोन ग्रंथ वेगळे करू पाहतात, त्याच शेवटावरून मत्तयाने आपले पुस्तक बेतले असावे असे मला वाटते.

पानउलट्या

मग माझा दावा सीनाकाठ यांनीच पुरा केला असे मी समजतो. शेवटच्या पानाने काही ठरत नसते तर मत्तयाला त्याच्यावर आपले शेवटचे पान बेतण्याची गरज पडली नसती. एक ग्रंथ आत बोलावून संपतो आणि दुसरा बाहेर पाठवून, यापेक्षा दोन धर्मांतला वेगळा स्वभाव आणखी कसा दिसावा? यहुदी धर्म प्रचाराला बाहेर पडत नाही आणि ख्रिस्ती धर्म पडल्यावाचून राहत नाही. विल्सनसाहेब गिरगावात आले ते मत्तयाच्या शेवटच्या वाक्यामुळे.

लोदवासी

आत बोलावणे इतके सरळ नसते, हे आम्हा बेने इस्रायलींना विचारावे. १९४८ नंतर आमचे हजारो लोक कोरेशाच्या त्या वाक्यावर विसंबून इकडे आले, आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या धर्मपीठाने आमची लग्ने लावण्यापूर्वी पूर्वजांची चौकशी करायचे ठरवले. 'इतिहास' या पुस्तकातल्या नऊ अध्यायांच्या वंशावळी कंटाळवाण्या आहेत असे म्हणणाऱ्यांना तेव्हा त्यांचे महत्त्व कळले, कारण आमची वंशावळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले तिथपर्यंतच जाते आणि त्यापुढे समुद्र आहे. लोक उपोषणाला बसले, मोर्चे निघाले.

म्हणून पानउलट्या यांना माझे सांगणे असे की त्यांनी वाक्याच्या शेवटाकडे पाहिले, त्याच्या मध्याकडे पाहायला हवे होते. 'त्याच्या लोकांपैकी जो कोणी असेल' असे कोरेश म्हणतो. त्याचे लोक कोण, हे तो सांगत नाही, आणि दोन्ही धर्मांचे भांडण त्याच जागेवर आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचे ९ ते ११ असे तीन अध्याय याच प्रश्नावर खर्च केले, मूळचे जैतुनाचे झाड कोणते आणि त्यावर कलम कोणाचे हे समजावता समजावता अखेर देवाचे मार्ग अगम्य आहेत असे म्हणून हात जोडले. आमच्या पुरता तो प्रश्न १९६४ मध्ये इथल्या संसदेच्या ठरावाने सुटला.